वाचक विचारतात : दोन डायनो, दोन आकडे, खरा कुठला?

मागच्या अंकात मसल कारवर लिहिलं होतं, म्हणजे मध्यम आकाराची अमेरिकन गाडी आणि तिच्यात मोठं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, आणि शेवटी एवढंच म्हटलं होतं की मॉडिफाय केलेल्या गाडीची पॉवर पार्ट्सच्या जाहिराती बघून बेरजेने काढू नका, डायनोवर, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या मशिनवर, चढवून मोजा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच येतात.

प्रश्न : नमस्कार दादा, मी मिशिगनमधे नोव्हायला राहतो. माझ्याकडे २०१३ ची मस्टँग जीटी आहे, पाच लिटर, सहा गिअर मॅन्युअल. गेल्या हिवाळ्यात २.३ लिटरचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, बसवला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ट्यून करून घेतली. बसवणारा म्हणाला आता सव्वासहाशे हॉर्सपॉवर झाली. जुलैमधे डायनो केला तर ४९८ आले, मूडच गेला. ऑक्टोबरमधे मित्राबरोबर दुसरीकडे गेलो तर तिथे ५६१. मधल्या काळात गाडीला कोणी हात लावलेला नाही. कोण खोटं बोलतंय? आणि पुण्यात बाबा फोनवर दर वेळी विचारतात, त्यांना कुठला आकडा सांगू? दोन्ही शीट सोबत पाठवतोय.

उत्तर : कोणीच खोटं बोलत नाहीये, आणि दोन्ही शीट पाठवल्यात हे फार बरं केलंत, कारण नुसते आकडे कळवले असते तर मला काहीच सांगता आलं नसतं.

आधी एक गोष्ट. हॉर्सपॉवर ही थेट मोजता येणारी वस्तूच नाही, ती हिशोबाने काढावी लागते. जेम्स वॅटने ठरवलं की एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचललं की एक हॉर्सपॉवर, आणि हे फिरणाऱ्या शाफ्टला लावलं की टॉर्क (पिळण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) भागिले ५२५२ असं सूत्र येतं. म्हणून पौंड-फूट आणि हॉर्सपॉवर एकाच स्केलवर काढले असतील तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमला एकमेकींना छेदतात, जगातली कुठलीही गाडी घ्या. नाही छेदल्या तर समजायचं की दोन्हीकडची स्केल वेगळी आहेत किंवा टॉर्क न्यूटन-मीटरमधे छापलाय.

आता तुमची ५६१ वाली शीट. ती इनर्शिया डायनोवरची आहे. मागची चाकं जमिनीतल्या एका भल्यामोठ्या जड ड्रमवर ठेवतात, जुन्या मॉडेलमधे हा ड्रम चार फूट व्यासाचा असतो, आणि त्याला ब्रेक वगैरे काही लावत नाहीत. ड्रमचं जडत्व माहीत असतं, तुमच्या गाडीने तो किती वेळात किती वेगाला नेला हे मोजतात, बस, त्यावरून पॉवर निघते. गंमत बघा, या पद्धतीत हॉर्सपॉवर काढायला इंजिनचा आरपीएम लागतच नाही, तो लागतो टॉर्कसाठी. म्हणून आरपीएमची क्लिप नीट लागली नसेल तर हॉर्सपॉवर बरोबर आणि टॉर्क चुकीचा अशी शीट हातात येते. तुमच्या शीटवर ६६०० ला ५६१ आणि टॉर्क ४४६ आहे, हिशोब जुळतो. पण तो जुळणारच, कारण मशिननेच तो केलाय, त्यामुळे आरपीएम खरा होता का ते बघायला तुमच्या ट्यूनमधे रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, कितीवर ठेवलाय ते विचारा आणि ग्राफ त्याच्या पलीकडे गेलाय का बघा.

४९८ वाली शीट लोड डायनोची आहे. त्यात ड्रमबरोबर एडी करंट ब्रेक असतो, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटने फिरणाऱ्या डिस्कला धरून ठेवायचं आणि लोड सेलने जोर मोजायचा. शीटवर मस्टँग असं नाव बघून तुम्हाला वाटलं असेल की हा खास तुमच्या गाडीसाठीचा डायनो, तसं नाहीये, ओहायोतल्या ट्विन्सबर्गच्या डायनो बनवणाऱ्या कंपनीचंच नाव मस्टँग आहे, फोर्डशी संबंध नाही. या डायनोत ऑपरेटर गाडीचं वजन आणि रस्त्यावरच्या हवेचा-टायरचा विरोध किती धरायचा ते टाइप करतो आणि मशिन तेवढं ओझं गाडीवर घालतं. पुल, म्हणजे थ्रॉटल पूर्ण दाबून खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत नेलेला एक रन, सावकाश होतो, इंजिन जास्त वेळ लोडखाली राहतं, जास्त तापतं. एकच गाडी इनर्शियापेक्षा लोड डायनोवर कमी दाखवते हा सगळ्या ट्यूनर्सचा रोजचा अनुभव आहे, आणि किती कमी हे त्या टाइप केलेल्या सेटिंगवरही अवलंबून असतं.

पण तुमचा ६३ चा फरक नुसता यामुळे नाही. शीटच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बघा, ४९८ वालीवर एसएई लिहिलंय आणि ५६१ वालीवर एसटीडी, हवामानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती. इथेच लोक फसतात. गरम, दमट, पातळ हवेत इंजिन कमी पॉवर करतं, म्हणून डायनोजवळ हवामान मोजणारा डबा असतो आणि मशिन आकडा एका ठरावीक हवेवर आणून छापतं. एसएईची ठरलेली हवा २५ अंश सेल्सिअस, ९९० मिलिबार, कोरडी. एसटीडीची साडेपंधरा अंश आणि समुद्रसपाटीचा पूर्ण दाब, २९.९२ इंच पारा, तीही कोरडी. म्हणजे एसटीडीची हवा जास्त थंड आणि जास्त दाट, त्यामुळे त्याच रनचा आकडा साधारण चार टक्के मोठा छापला जातो. गाडी तीच, रन तोच, फक्त मेनूमधला एक क्लिक. तुमचे ५६१ एसएईत बदलले की ५४० च्या आसपास येतात. बघा, ६३ मधले २१ तर इथेच गेले.

उरले चाळीसेक. त्यातला मोठा भाग डायनोच्या प्रकाराचा, आणि थोडा जुलैचा. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी ओळीत तीन पुल सलग मारले आणि तिसरा सगळ्यात कमी आला. सुपरचार्जर हवा दाबतो तशी ती तापते, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरचं पाणी पहिल्या पुलनंतर थंड व्हायला वेळ लागतो, तो दिला नाही की इनटेकची हवा गरम येते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन वाचवायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. एसएई करेक्शन खोलीतली हवा बघतं, तुमच्या इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधली नाही, त्यामुळे ही घट कुठलंच करेक्शन भरून काढत नाही. शिवाय तिथे त्यांनी चौथ्या गिअरमधे पुल केलाय. तुमच्या गिअरबॉक्सचा पाचवा १:१ आहे, म्हणजे इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात, चौथा १.३२. चौथ्यात इंजिन झटकन वर जातं, फ्लायव्हील आणि चाकं फिरवण्यातच थोडी जास्त पॉवर जाते. पाचव्यात करा म्हणून सांगायचं.

राहिला सव्वासहाशेचा प्रश्न. तो क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या टोकाचा अंदाज आहे. चासी डायनो चाकांवर मोजतो, मधे गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, टायर यात काही पॉवर जातेच. लोक सरसकट १५ टक्के धरून उलटा हिशोब करतात. तुमच्या आकड्यांवर करून बघितला तर एका शीटवरून ५८६ येतात आणि दुसरीवरून ६६०, सव्वासहाशे कुठेच येत नाहीत! मला हा १५ टक्क्यांचा नियम अजिबात पटत नाही. गिअर ऑइल घुसळण्यात, बेअरिंगमधे जाणारी पॉवर वेगाबरोबर वाढते, इंजिनची ताकद दुप्पट केली म्हणून ती दुप्पट होत नाही. दात एकमेकांवर घासण्यात जाणारी मात्र लोडबरोबर वाढते. म्हणजे थोडं ठरावीक, थोडं टक्केवारीत. शिवाय इनर्शिया डायनोवर जड चाकं लावलीत तर आकडा उतरतो, त्यात पॉवर वाया गेलेली नसते, चाकं फिरवण्यात साठलेली असते. गाडी कंपनीतून ४२० हॉर्सपॉवरची निघाली होती, त्या वेळचा चाकांवरचा डायनो कोणी काढून ठेवला असता तर सगळं सोपं झालं असतं. पार्ट बसवायच्या आधी एक बेसलाइन रन काढा असं मी दर वेळी लिहितो ते याचसाठी.

तर दुसऱ्या ठिकाणी फोन करा, तोच रन एसएईमधे पुन्हा छापून द्या म्हणा, नवा पुल लागत नाही, फाइल त्यांच्याकडे असते. आणि बाबांना सांगा चाकांवर ५४०.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला असतो. शेजारच्या निवृत्त आजोबांकडे १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ आहे, ऑटोमॅटिक. त्यांनी कार्ब्युरेटर, इग्निशन सगळं नवं करून घेतलं आणि मी त्यांना हौसेने डायनोला घेऊन गेलो. कागदोपत्री ३६० हॉर्सपॉवर, डायनोवर २४८. आजोबा काही बोलले नाहीत पण येताना गाडीत गप्प बसून होते. मला फार वाईट वाटलं. एवढी पॉवर गेली कुठे?

उत्तर : गेली नाहीये, ती तशी कधी नव्हतीच. हे आजोबांना आजच जाऊन सांगा.

१९७१ पर्यंत अमेरिकेत कंपन्या जो आकडा छापायच्या तो ग्रॉस. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर क्लीनर नाही, गाडीतला एक्झॉस्ट आणि मफलर नाही, अल्टरनेटरसारखं ओझं नाही, टायमिंग त्या टेस्टसाठी उत्तम जुळवलेलं. १९७२ पासून नेट आलं, म्हणजे गाडीत जसं असतं तसं सगळं लावून मोजायचं. मधल्या १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, आणि आजोबांना दाखवायला तेच सगळ्यात चांगलं, कारण त्यांच्याच गाडीच्या ४५४ चा, ज्याला एलएस-फाइव्ह म्हणतात, १९७१ चा ग्रॉस आकडा ३६५ आणि नेट २८५. तेच इंजिन, तेच वर्ष, ८० चा फरक निव्वळ मोजायच्या पद्धतीचा. १९७२ ला तर २७० च लिहिले.

आजोबांची १९७० ची, तिचं कॉम्प्रेशन १०.२५, पुढच्या वर्षी ते साडेआठवर आणलं होतं, त्यामुळे त्यांची नेट पॉवर २८५ पेक्षा थोडी वरच असणार. त्यातून जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक, त्यातला क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, मागचा अॅक्सल हे सगळं ओलांडून चाकांवर २४८ आले असतील तर पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची तब्येत ठणठणीत आहे. मी तर म्हणतो तो कागद फ्रेम करून गॅरेजमधे लावा.

आणि त्या काळचे आकडे सगळेच फुगवलेले होते असंही नाही बरं का. विमा कंपन्या जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीला जास्त हप्ता लावायच्या, रेसिंगचे वर्गही छापील आकड्यावर ठरायचे, म्हणून काही इंजिनं मुद्दाम कमी लिहिली जायची. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेटवर ३३५ लिहिलेलं असायचं आणि ते खरे ३३५ आहेत यावर तेव्हाही कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

एकच काळजी घ्या, गाडीवर जुने बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या बांधणीचे) टायर असतील तर पुन्हा डायनोवर चढवू नका. टायर दिसायला चांगला असला तरी रबर वयाने कडक होतं, आणि ड्रमवर तो एकाच छोट्या पट्ट्यावर दाबला जाऊन रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

प्रश्न : सर, मी पुण्यात राहतो. माझ्या मोठ्या भावाची २०१७ ची मस्टँग जीटी आहे, इथेच शोरूममधून घेतलेली, फक्त एअर इनटेक आणि मागचा एक्झॉस्ट बदललाय. मे महिन्यात दुपारी डायनो केला, करेक्शन न लावता ३०५ आले. इंटरनेटवर अमेरिकेतले लोक याच गाडीचे ३७०-३८० टाकतात. गाडीत काही बिघाड आहे का?

उत्तर : मला तरी बिघाड दिसत नाही. तीन गोष्टी एकावर एक आल्यात.

पहिली, गाडीच वेगळी आहे. अमेरिकेत त्या पिढीची जीटी ४३५ हॉर्सपॉवर, आपल्याकडे २०१६ ला आली ती ४०१ पीएस. आणि पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, ७३५.५ वॅटची, अमेरिकन ७४६ वॅटची. म्हणजे ४०१ पीएसचे ३९५ हॉर्सपॉवर झाले. चाळीसचा फरक शोरूममधूनच आहे.

दुसरी, हवा. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. मेच्या दुपारी ३८ अंश, दाब ९४० मिलिबारच्या आसपास, त्यातून वाफेचा दाब वजा केला की कोरडी हवा ९२७ वगैरे उरते. एसएईच्या सूत्रात हे टाकलं की गुणक १.१०७ येतो, तुमचे ३०५ तिथेच ३३८ होतात. मी मजा म्हणून डिसेंबरातल्या मुंबईचा हिशोब केला, २८ अंश, १०१२ मिलिबार, बाविसेक मिलिबार वाफ, तर गुणक आला १.००६. म्हणजे मुंबईतली हिवाळ्याची हवा जवळजवळ एसएईचीच हवा आहे, करेक्शन लावा नाहीतर लावू नका! घाट उतरून गेलात तर गाडीला फरक जाणवेल तो खरा असतो. हे सगळं टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबणारा पंप, नसलेल्या इंजिनाचं. टर्बो गाडीत ईसीयू ठरलेला बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, गाठेपर्यंत टर्बो जास्त फिरवून पातळ हवा बऱ्यापैकी भरून काढतो, तिथे हाच गुणक लावला की नसलेली पॉवर कागदावर येते. डोंगरावरच्या गावातले टर्बो गाड्यांचे अचाट आकडे वाचाल तेव्हा हे आठवा.

तिसरी, गिअरबॉक्स. तुमच्याकडे सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, त्यात १:१ गिअरच नाही, चौथा १.१४ आहे, त्यात करायचं. पण थ्रॉटल पूर्ण दाबला की तो खालच्या गिअरमधे उडी मारायला बघतो, म्हणून मॅन्युअल मोडमधे धरून ठेवावा लागतो आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक असेपर्यंत थांबून मग दाबायचं. ग्राफच्या सुरुवातीला टॉर्कचा उगाच मोठा उंचवटा दिसत असेल तर कन्व्हर्टर घसरत होता असं समजा.

पहाटे सहा वाजता कोणी डायनो उघडत असेल तर पुन्हा करून बघा. भावाला एक सांगा, बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे त्यावर स्पष्ट म्हटलंय की कंपनीने नोंदवलेल्या मूळ गाडीत बदल चालणार नाहीत.

प्रश्न : मी डॅलसला सॉफ्टवेअरमधे काम करते आणि पहिली मसल कार घ्यायचं ठरवलंय. १९९९ ची मस्टँग कोब्रा बघितली, विकणारा सारखं सांगत होता की ही 'दुरुस्त झालेली' आहे, डायनोमुळे कंपनीला सगळ्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. हे खरं आहे का? गाडीमालकांनी छोट्या डायनोवर एवढ्या मोठ्या कंपनीला चूक दाखवली हे पटत नाही.

उत्तर : अगदी खरं आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. १९९९ च्या कोब्रावर फोर्डने ३२० हॉर्सपॉवर छापले. गाड्या घेतलेल्या लोकांनी त्या चासी डायनोवर नेल्या तर चाकांवर जेवढे यायला हवेत तेवढे येईनात, एकाच्या नाही, एकामागून एकाच्या, वेगवेगळ्या गावात. कोणी एकट्याने दाखवलं असतं तर डायनो चुकला असेल म्हणून विषय संपला असता. फोर्डने त्या वर्षीच्या ऑगस्टमधे विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, ईसीयू आणि मागचा एक्झॉस्ट बदलून दिला. २००० साली साधी कोब्रा विकलीच नाही, फक्त कोब्रा आर नावाच्या ३०० गाड्या काढल्या, ३८५ हॉर्सपॉवरच्या. पुढे २००३ ला सुपरचार्जरवाली आली तिच्यावर ३९० लिहिले होते आणि डायनोवर लोकांना त्याहून जास्त असल्याचं दिसायला लागलं, म्हणजे या वेळी आकडा हात राखून लिहिला होता.

पुढे २००५ मधे एसएईने, म्हणजे ते करेक्शन ठरवणाऱ्या इंजिनिअरांच्या संस्थेने, कंपन्यांसाठी एक पद्धत आणली, इंजिनची टेस्ट होताना बाहेरचा साक्षीदार हजर हवा, तरच सर्टिफाइड पॉवर म्हणता येतं. त्यातलं पहिलं इंजिन कॉर्व्हेट झेड-ओ-सिक्सचं, ५०५ हॉर्सपॉवर.

तुम्ही गाडी घेण्याआधी चासी नंबर फोर्डच्या कुठल्याही डीलरला द्या, रिकॉलचं काम झालंय का ते त्यांच्या रेकॉर्डमधे दिसतं. तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि विकणारा तयार असेल तर त्याच्यासमोर एक रन काढून घ्या. त्यात पॉवर किती येते यापेक्षा वरच्या आरपीएमला रेषा गुळगुळीत जाते का ते बघा, मिसफायर असेल तर तिथे करवतीच्या दातासारखी दिसते. मात्र ऑपरेटरला स्मूदिंग, म्हणजे रेषा गुळगुळीत करायची सेटिंग, शून्यावर ठेवायला सांगा. पाचवर ठेवलं की करवतीचे दात पुसून जातात आणि ग्राफ फोटो काढण्यासारखा सुंदर दिसतो.

प्रश्न : पहिल्यांदाच डायनोला जाणार आहे, ह्यूस्टनला. चॅलेंजर आहे, हेडर्स (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदललेत. काय तयारी करू, तिथे नेमकं काय होतं, किती पैसे घेतात?

उत्तर : तीन पुलचे साधारण शंभर ते दोनशे डॉलर घेतात, ट्यूनिंगचे वेगळे आणि बरेच जास्त.

आदल्या दिवशी ऑइल आणि कूलंट बघा, गळती असेल तर जाऊच नका. टायरमधे नेहमीचा प्रेशर, मागच्या टायरमधे खडे अडकले असतील तर काढा, ते ड्रमवर गोळीसारखे सुटतात. टाकीत नेहमी वापरता तेच पेट्रोल, अर्ध्याहून जास्त. डिकी रिकामी.

तिथे गेल्यावर गाडी ड्रमवर चढवून सरळ आहे का बघतात आणि मागून-पुढून पट्टे आवळतात. पट्टे कुठे अडकवतायत ते उभं राहून बघा. माझ्या स्वतःच्या गाडीचा पट्टा एकदा घाईघाईत सस्पेन्शनच्या हलत्या आर्मला लावला गेला, पुलमधे गाडी मागे दबली तसा पट्टा ढिला झाला आणि मागची बाजू एक वीत बाजूला सरकली. ऑपरेटरने क्लच दाबून सोडून दिलं म्हणून काही झालं नाही, पण त्या क्षणी मागची चाकं दोनशेच्या वर फिरत होती. वरच्या गिअरमधे रेडलाइनला चाकांचा वेग सहज ताशी २४० किलोमीटर होतो, गाडी मात्र जागेवर. म्हणून टायरची स्पीड रेटिंग वाचा, आणि पुल चालू असताना गाडीच्या सरळ मागे किंवा पुढे उभं राहू नका, कितीही व्हिडिओ काढावासा वाटला तरी.

पुढे मोठा पंखा लावतात, एक्झॉस्टमधे ऑक्सिजन सेन्सरची नळी घालतात. मग गाडी हळूहळू गिअर चढवत १:१ पर्यंत नेतात, दोन हजारच्या आसपास स्थिर करतात आणि थ्रॉटल पूर्ण. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा छातीत घुमतं ते, दहा-बारा सेकंदांत वरपर्यंत जातं, मग क्लच, आणि ड्रम कितीतरी वेळ एकटाच घोंघावत राहतो. गरम रबराचा आणि न जळलेल्या पेट्रोलचा वास भरून राहतो.

या वेळी सगळे पॉवरच्या स्क्रीनकडे बघतात, तुम्ही हवा आणि इंधनाच्या प्रमाणाच्या रेषेकडे बघा. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनला पूर्ण थ्रॉटलवर एक भाग पेट्रोलला साडेबारा-तेरा भाग हवा ठीक, सुपरचार्ज्डला साडेअकराच्या आसपास. तुम्ही हेडर्स आणि कॅम बदललेत आणि ट्यून केलेली नाही असं पत्रावरून वाटतंय, तर ही रेषा वर चढत चौदाकडे जाताना दिसली, म्हणजे पेट्रोल कमी पडायला लागलं, की तिथेच हात वर करून थांबवा. अजून दोन पुलचे पैसे भरलेत म्हणून पुढे जाऊ नका, पिस्टन जळायला एक पुल पुरतो.

सगळं ठीक असेल तर तिन्ही पुलमधे सारखं अंतर ठेवायला सांगा, पाच मिनिटं म्हटलं तर पाच, बॉनेट उघडा आणि पंखा चालू. तीनपैकी सगळ्यात मोठा आकडा घेऊन घरी येऊ नका, तिन्ही एकमेकांच्या पाच-सहा हॉर्सपॉवरमधे आहेत का ते बघा, तसे असतील तर मोजमाप विश्वासाचं. शीटवर एसएई, स्मूदिंग, गिअर, तापमान हे सगळं छापून घ्या. आणि निघताना रनची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागा, ती घरी लॅपटॉपवर उघडायचं सॉफ्टवेअर डायनो कंपन्या फुकट देतात. पुढच्या वर्षी ट्यून करून त्याच ठिकाणी, त्याच गिअरमधे, त्याच महिन्यात पुन्हा गेलात की दोन्ही रेषा एकावर एक ठेवून बघता येतील, आणि ती जोडी मला पाठवा, बघायला आवडेल.